ट्रॅक्टरच्या मागच्या तेलाची तपासणी आणि बदल – घरच्या घरी



सकाळी ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी इंजिनातील तेल पाहण्याची सवय आता आपल्यापैकी बहुतेकांना लागली आहे. रेडिएटरमधील पाणीही पाहिले जाते. परंतु आसनाखालच्या मोठ्या पेटीत, म्हणजे गिअर बॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये जे तेल असते, त्याकडे महिनोन् महिने कोणी पाहत नाही. ते तेल इंजिनातील तेलासारखे काळे पडत नाही, जळत नाही आणि कमी झाले तरी त्यासाठी पुढच्या फलकावर सहसा दिवा लागत नाही. त्यामुळे "मागचे तेल काय, ट्रॅक्टर विकेपर्यंत चालते" असा समज रूढ झाला आहे.

हा समज महागात पडतो. लिफ्ट हळू उचलू लागली, गिअर पडताना आवाज येऊ लागला किंवा ब्रेक दाबल्यावर किरकिर होऊ लागली की मगच आपण मिस्त्रीला बोलावतो. तोपर्यंत पंप, बेअरिंग किंवा ब्रेकच्या चकत्या यांपैकी काहीतरी झिजलेले असते. उसाची भरलेली ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या बाबतीत तर हा प्रश्न केवळ खर्चाचा राहत नाही, तो चालकाच्या आणि रस्त्यावरील इतरांच्या जिवाचा होतो. म्हणून या तेलाची तपासणी आणि बदल शेतकऱ्याने स्वतः कसा करावा, याची माहिती या लेखात दिली आहे.

एकच तेल, चार कामे

जुन्या काळी गिअर बॉक्समधील तेलाचे काम फक्त दातेरी चाके ओली ठेवण्याचे होते. हॅरी फर्ग्युसन या तंत्रज्ञाने तीन सांध्यांची जोडणी आणि हायड्रॉलिक लिफ्ट प्रचारात आणली. १९४६ साली बाजारात आलेल्या त्याच्या टीई-२० या ट्रॅक्टरमध्ये लिफ्टचा पंप मागच्या पेटीतच बसवलेला होता आणि तो तेथलेच तेल खेचून औत उचलत असे. आजही बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअर बॉक्स, डिफरन्शियल आणि लिफ्ट यांना एकच तेल असते. अलीकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांत ब्रेकच्या चकत्याही याच तेलात बुडालेल्या असतात. म्हणजे हे एकच तेल पुढील चार कामे करते.

१) गिअर, क्राऊन-पिनियन आणि बेअरिंग यांमधील घर्षण कमी करणे.
२) लिफ्ट उचलण्यासाठी आणि ट्रॉली उलटवण्यासाठी दाब पोचवणे.
३) ब्रेकच्या चकत्या थंड ठेवणे आणि त्यांची पकड योग्य राखणे.
४) आत तयार झालेली उष्णता आणि लोखंडाचा बारीक कीस वाहून नेणे.

तेल बिघडले की ही चारही कामे एकाच वेळी बिघडतात. तरीही त्रास मात्र प्रथम एकाच ठिकाणी दिसतो आणि आपण तेवढाच भाग दुरुस्त करतो. लिफ्टचा पंप बदलूनही सहा महिन्यांत पुन्हा तीच तक्रार येते, याचे कारण बहुधा जुनेच तेल पुन्हा भरलेले असते.

आपल्या भागात तेल का बिघडते?

अक्कलकोट तालुक्यातील परिस्थिती लक्षात घेता तेल बिघडण्याची चार कारणे महत्त्वाची आहेत.

पाणी : काळ्या जमिनीत पावसाळ्यात ट्रॅक्टर चिखलात रुततो, ओढे-नाले ओलांडतो. नंतर चिखल काढण्यासाठी आपण जोराच्या फवाऱ्याने तो धुतो. हे पाणी गिअर दांड्याचे फाटलेले रबर, हवा येण्या-जाण्याचे छिद्र म्हणजे ब्रीदर, सैल झालेली तेलपट्टी आणि पीटीओचे झिजलेले सील यांमधून आत जाते. शिवाय दिवसा तापलेली पेटी रात्री थंड होताना बाहेरची दमट हवा आत खेचते आणि त्या हवेतील बाष्पाचे पाणी होते.

धूळ : उन्हाळी नांगरट आणि रोटाव्हेटरच्या कामात बारीक धूळ उडते. तेल घालताना झाकणाभोवतीची माती न पुसल्यास ती सरळ आत पडते.

उष्णता : आपल्याकडे उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते. त्यातच जड कामामुळे तेल आणखी तापते. तेल जितके जास्त तापते तितके ते लवकर विटते. साधारण नियम असा की ठरावीक मर्यादेनंतर तापमान १० अंशांनी वाढले की तेलाचे आयुष्य निम्मे होते.

दुसऱ्याची ट्रॉली : याकडे फारच थोड्यांचे लक्ष जाते. उलटणाऱ्या ट्रॉलीचा सिलिंडर ट्रॅक्टरच्या पेटीतील तेलावर चालतो. शेजाऱ्याची ट्रॉली जोडली की तिच्या सिलिंडरमधील जुने, मातकट किंवा वेगळ्या जातीचे तेल आपल्या पेटीत येते आणि आपले चांगले तेल तिकडे जाते. पाइप जोडण्यापूर्वी दोन्ही टोके स्वच्छ फडक्याने पुसावीत. जोडणी सोडल्यावर टोपणे लावावीत.

पातळी कशी पाहावी?

हे काम दहा-पंधरा मिनिटांचे आहे. आठवड्यातून एकदा, शक्यतो ठरलेल्या वारी, सकाळी ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी ते करावे.

१) ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा. उतारावर पातळी चुकीची दिसते.
२) लिफ्ट पूर्ण खाली करावी. ट्रॉली जोडलेली असल्यास तिचा सिलिंडर पूर्ण मिटलेला असावा. लिफ्ट वर असताना काही तेल सिलिंडरमध्ये असते, त्यामुळे पट्टीवर ते कमी दिसते आणि आपण विनाकारण जास्त भरतो.
३) इंजिन बंद असावे. काम करून आल्यावर पाहायचे असल्यास तेल खाली उतरण्यासाठी किमान पंधरा मिनिटे थांबावे.
४) पट्टीभोवतीची धूळ प्रथम पुसावी, मगच पट्टी काढावी.
५) पट्टी स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसून पुन्हा घालावी व काढून पाहावी. तेल वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये असावे.

काही ट्रॅक्टरांत पट्टीला आटे असतात. ती पूर्ण आवळून पातळी पाहायची की नुसती टेकवून, हे कंपनीनुसार बदलते. काही ट्रॅक्टरांत पट्टीऐवजी बाजूला पातळीचा बोल्ट असतो व तो काढल्यावर तेल छिद्राच्या काठाशी दिसावे लागते. आपल्या ट्रॅक्टरची पद्धत सोबत मिळालेल्या पुस्तकात पाहून घ्यावी.

तेल खुणेपेक्षा कमी असल्यास पंप हवा खेचतो, लिफ्ट धक्के देत उचलते आणि कर्कश आवाज येतो. "जास्त असलेले बरे" असेही समजू नये. जास्त तेल घुसळले जाऊन फेस येतो, ते तापते आणि सीलमधून बाहेर पडू लागते.

तेल वरचेवर कमी होत असेल तर नुसते भरत राहू नये. ते जाते कोठे, हे शोधावे. मागच्या धुऱ्याजवळ चाकाच्या आतील बाजूला, पीटीओच्या तोंडाशी, लिफ्टच्या पाइपांच्या जोडावर आणि क्लच हाऊसिंगच्या खालच्या छिद्राशी ओलसरपणा पाहावा. दाबाखालील पाइपची गळती शोधताना हात फिरवू नये. सुईएवढ्या छिद्रातून सुटलेली तेलाची धार कातडीत घुसून गंभीर इजा करते. त्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा. अशी इजा झाल्यास जखम लहान दिसली तरी त्याच वेळी रुग्णालयात जावे.

याउलट, तेल न भरताच पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नये. आत पाणी गेल्याची ती खूण असू शकते.

तेलाची परीक्षा

पातळी पाहतानाच तेलाचा रंग, वास आणि स्पर्श पाहावा. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

रंग : नवे तेल पारदर्शक, पिवळसर ते तांबूस असते. वापरानंतर ते थोडे गडद होणे स्वाभाविक आहे. ते दुधाळ, चहासारखे दिसू लागले तर त्यात पाणी मिसळले आहे असे समजावे. मात्र ताज्या फेसामुळेही तेल पांढुरके दिसते. ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवून पुन्हा पाहावे. फेस असेल तर निवळतो, पाणी असेल तर दुधाळपणा बहुधा राहतो.

वास : करपल्यासारखा उग्र वास आल्यास तेल फार तापले आहे. ब्रेकवर पाय ठेवून चालवण्याची सवय आहे का, हे चालकाला विचारावे.

बाटलीची परीक्षा : तळाच्या बोल्टमधून थोडे तेल स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्यावे. रात्रभर स्थिर ठेवावे. सकाळी तळाशी पाण्याचा थर किंवा गाळ दिसल्यास तेल बदलण्याची वेळ आली आहे.

तापलेल्या पत्र्याची परीक्षा : पाणी थोडे असेल तर ते बाटलीत वेगळे होत नाही. अशा वेळी जुना पत्र्याचा तुकडा चुलीवर चांगला तापवून खाली उतरवावा आणि त्यावर लांब काडीने तेलाचा एकच थेंब टाकावा. तडतड आवाज आला तर पाणी आहे. चांगले तेल शांतपणे पसरते. थेंब उडतो, म्हणून तोंड दूर ठेवावे, डोळ्यांना चष्मा लावावा, मुलांना जवळ येऊ देऊ नये. स्वयंपाकाचा तवा यासाठी वापरू नये.

चुंबकाची परीक्षा : बऱ्याच ट्रॅक्टरांत तेल काढण्याच्या बोल्टला चुंबक असतो. त्यावर काजळासारखा करडा लेप असणे हे नेहमीच्या झिजेचे लक्षण आहे. पण बोटाला टोचणारे कण, पापुद्रे किंवा दाताचा तुकडा सापडला तर ट्रॅक्टर कामाला न लावता जाणकार मिस्त्रीला दाखवावा. सोनेरी चमक दिसल्यास पितळी बुश किंवा वॉशर झिजत आहेत. काळा, तंतुमय गाळ दिसल्यास ब्रेकच्या चकत्यांचे अस्तर सुटत असण्याची शक्यता आहे.

पाणी मिसळलेल्या तेलाचा धोका

पाणी मिसळले की तेलाचा थर कमकुवत होतो, बेअरिंगवर गंज चढतो आणि दाते झिजतात. सर्वांत मोठा धोका मात्र तेलात बुडालेल्या ब्रेकला असतो. त्यांच्या चकत्यांवरील अस्तर पाण्याने खराब होऊन सुटू लागते आणि पकड कमी होते.

समजा, ट्रॅक्टर पावसाळाभर चिखलात राबला. दिवाळीनंतर त्याच तेलावर त्याला उसाच्या दोन ट्रॉल्या जोडल्या. शेतात, सपाट जागी, रिकामा असताना ब्रेक लागतो, म्हणून कोणाला संशय येत नाही. पण भरलेल्या ट्रॉल्या घेऊन पुलाकडे उतरताना चालकाने ब्रेक दाबला की कमी झालेली पकड त्याला त्या क्षणी प्रथम कळते. मागून ट्रॉल्यांचे वजन ढकलत असते आणि समोर दुचाकीवाला असतो. डबाभर तेल वाचवल्याची ही किंमत कोणालाही परवडणारी नाही.

कोणते तेल घालावे?

"गिअरचे तेल द्या" असे दुकानात सांगून मिळेल ते आणणे ही मोठी चूक आहे. पुस्तकात लिहिलेल्या प्रतीचेच तेल घ्यावे. त्यामागील कारण समजून घेणे उपयोगी आहे.

ज्या ट्रॅक्टरात ब्रेक तेलात बुडालेले आहेत, त्यांना ट्रॅक्टर ट्रान्समिशनचे खास तेल लागते. डब्यावर त्यासाठी यूटीटीओ अशी अक्षरे असतात. या तेलात दात्यांचे रक्षण करणारी द्रव्ये असतातच, शिवाय ब्रेकची पकड योग्य ठेवणारी द्रव्येही असतात. त्याऐवजी साधे ९० नंबरचे गिअर तेल घातले तर ब्रेक घसरतात किंवा किरकिरतात आणि लिफ्टच्या पंपालाही ते जड जाते.

ज्या जुन्या ट्रॅक्टरात ब्रेक कोरडे आहेत, त्यांत कंपनीच्या शिफारशीनुसार ९० नंबरचे गिअर तेल चालते. अशा काही ट्रॅक्टरांत लिफ्टचे तेल वेगळ्या टाकीत असते. दोन्ही तेलांची अदलाबदल करू नये. जुन्या गिअर बॉक्समध्ये पितळी भाग असल्यास अधिक तीव्र द्रव्ये असलेले जीएल-५ प्रतीचे तेल पुस्तकात सांगितल्याशिवाय घालू नये.

एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. ९० नंबरचे गिअर तेल हे ४० नंबरच्या इंजिन तेलापेक्षा दुपटीहून घट्ट असते, असे अनेकांना वाटते. तसे नाही. ही दोन वेगळी मापे आहेत. ९० नंबरचे गिअर तेल घट्टपणाने सुमारे ४० ते ५० नंबरच्या इंजिन तेलाइतकेच असते. फरक घट्टपणाचा नसून आत मिसळलेल्या द्रव्यांचा आहे. म्हणूनच नुसता नंबर जुळवून तेल बदलता येत नाही.

मुलांच्या शहरातील मोटारीत आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा असेल, तर तिचे तांबडे तेल उरले म्हणून ते ट्रॅक्टरच्या गिअर बॉक्समध्ये ओतू नये. ते तेल पातळ असते. काही ट्रॅक्टरांच्या पॉवर स्टिअरिंगच्या छोट्या टाकीत तशा जातीचे तेल लागते, परंतु ती टाकी वेगळी आहे. तसेच अशा मोटारींपैकी ज्यांना पट्टी असते, त्या बहुतेकांचे तेल इंजिन चालू ठेवून, गरम असताना पाहतात. ट्रॅक्टरचे तेल मात्र इंजिन बंद ठेवून पाहायचे असते. एकाचा नियम दुसऱ्याला लावू नये.

तेल नेहमीच्या खात्रीच्या दुकानातून, पक्की पावती घेऊन आणावे. डब्याचे सील फुटलेले नसावे. रिकामे झालेले डबे भोक पाडून मोडीत द्यावेत, म्हणजे त्यांत बनावट तेल भरून ते पुन्हा विकले जाणार नाही.

केव्हा बदलावे?

तेल बदलण्याचा हिशोब महिन्यांपेक्षा तासांवर करावा. बऱ्याच ट्रॅक्टरांच्या पुस्तकांत सुमारे १००० तासांची मुदत दिलेली असते. नव्या ट्रॅक्टरचा पहिला बदल किंवा फिल्टर बदल यापेक्षा बराच लवकर असतो, कारण सुरुवातीला दात्यांचा कीस जास्त निघतो. नेमका आकडा आपल्या पुस्तकातून घ्यावा. तास कमी भरले तरी पुस्तकातील कालमर्यादा ओलांडू नये. दुधाळ किंवा करपलेले तेल मात्र मुदतीची वाट न पाहता बदलावे.

आपल्या भागात रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते आणि त्यानंतर उसाचा गाळप हंगाम सुरू होतो. पावसाळा संपल्यावर आणि ऊस वाहतूक सुरू होण्यापूर्वी मिळणारे आठ-पंधरा दिवस तेल बदलण्यास सर्वांत योग्य आहेत. पावसाळ्यात शिरलेले पाणी त्यामुळे बाहेर पडते आणि जड वाहतूक नव्या तेलावर सुरू होते.

खर्चाचा हिशोबही करून पाहावा. समजा पेटीत ४० लिटर तेल बसते आणि ते १००० तास चालते. म्हणजे तासाला ४० मिलिलिटर, चहाच्या कपाच्या निम्म्याइतके तेल खर्ची पडते. त्याच तासात कित्येक लिटर डिझेल जळते. भाड्याचा दर ठरवताना डिझेलबरोबर एवढी रक्कम बाजूला टाकली तर बदलाच्या वेळी एकदम भार पडत नाही.

तेल बदलण्याची कृती

लागणारे साहित्य : पुस्तकात सांगितलेले तेल, नवा फिल्टर, बोल्टचे नवे वॉशर, योग्य मापाचे पाने, मोठी घमेली किंवा कापलेले पिंप, जाळीचे स्वच्छ नरसाळे, धुतलेली सुती फडकी, डिझेल, चाकाला लावण्यासाठी दगड किंवा लाकडी ठोकळे.

ट्रॅक्टर हमीच्या मुदतीत असेल तर हे काम अधिकृत ठिकाणीच करून घ्यावे. पण जवळ उभे राहून ते नीट पाहावे.

१) ट्रॅक्टर अर्धा तास हलके चालवून तेल कोमट करावे. कोमट तेल गाळासह पूर्ण निघते. फार गरम तेलाने हात भाजतो, म्हणून कडक काम केल्यावर लगेच बोल्ट उघडू नये.

२) सपाट, सावलीच्या आणि वारा नसलेल्या जागी ट्रॅक्टर उभा करावा. औत किंवा ट्रॉली सोडावी. लिफ्ट पूर्ण खाली करावी. हातब्रेक लावून, किल्ली काढून, चाकांना ठोकळे लावावेत. उचललेल्या औताखाली किंवा टेकू नसलेल्या ट्रॉलीखाली कधीही जाऊ नये.

३) झाकण, पट्टी आणि खालचे सर्व बोल्ट यांभोवतीची माती प्रथम ब्रशने आणि डिझेलच्या फडक्याने काढावी. या वेळी पाण्याचा फवारा मारू नये.

४) वरचे झाकण सैल करावे, म्हणजे हवा जाऊन तेल मोकळे वाहते. मग खालचे बोल्ट एकेक करून काढावेत. गिअर बॉक्स, मधली पेटी आणि काही ट्रॅक्टरांत दोन्ही धुऱ्यांच्या टोकांना स्वतंत्र बोल्ट असतात. एकच काढून थांबल्यास बरेच जुने तेल आत राहते.

५) तेल किमान अर्धा तास निथळू द्यावे. निघालेले तेल मोजावे. पुस्तकातील मापापेक्षा ते फारच कमी भरले तर पातळी खाली गेली होती किंवा एखादा बोल्ट उघडायचा राहिला आहे. थोडे तेल खाचांत राहतेच.

६) लिफ्टच्या तेलाची जाळी काढून डिझेलमध्ये धुवावी, नीट वाळवावी. फाटली असल्यास बदलावी. कागदी फिल्टर धुऊन पुन्हा वापरू नये, तो नवाच बसवावा. पेटीच्या आत सूत किंवा कापसाचे तंतू जाऊ देऊ नयेत. ते जाळीत अडकून पंप उपाशी राहतो.

७) पेटी धुण्यासाठी रॉकेल किंवा डिझेल भरून ट्रॅक्टर चालवू नये. ते ब्रेकच्या चकत्यांत आणि खाचांत राहते आणि नवे तेल पातळ करते.

८) ब्रीदर काढून स्वच्छ करावा. तो तुंबला तर तापलेली हवा सील फोडून बाहेर पडते.

९) चुंबक पुसून, नवे वॉशर लावून बोल्ट बसवावेत. ते हाताने काही आटे फिरवून मगच पान्याने आवळावेत. पानाला नळी लावून जोर केल्यास पेटीचे आटे जातात.

१०) मापापेक्षा तीन-चार लिटर कमी तेल जाळीच्या नरसाळ्यातून भरावे. इंजिन सुरू करून कमी वेगाने पाच मिनिटे चालवावे. लिफ्ट आठ-दहा वेळा वर-खाली करावी, म्हणजे नळ्यांतील हवा निघते.

११) इंजिन बंद करून, लिफ्ट खाली ठेवून पंधरा मिनिटांनी पातळी पाहावी. कमी असल्यास थोडे थोडे घालून वरच्या खुणेपर्यंत आणावे. सर्व बोल्टांखाली गळती पाहावी.

१२) दुसऱ्या दिवशी कामापूर्वी पातळी आणि गळती पुन्हा पाहावी.

पुराच्या पाण्यात उभा राहिलेला ट्रॅक्टर

ऑक्टोबर २०२० मधील अतिवृष्टीत बोरी नदीला मोठा पूर आला आणि अक्कलकोट तालुक्यातील काठच्या गावांत पाणी शिरले. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने माढा, मोहोळ भागांत तोच अनुभव दिला. अशा वेळी पाणी मागच्या धुऱ्याच्या वर गेले असेल तर ट्रॅक्टर सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा. फिरवल्याबरोबर तळाचे पाणी तेलात घुसळले जाते, आणि इंजिनात पाणी असल्यास तेही मोडते.

प्रथम खालचे बोल्ट किंचित सैल करून पाहावे. तेलापेक्षा पाणी जड असल्याने ते आधी बाहेर येते. पाणी दिसले तर सर्व तेल काढून टाकावे, जाळी व फिल्टर बदलावा. नंतर त्याच जातीचे तेल भरून, औत न जोडता ट्रॅक्टर कमी वेगात थोडा वेळ चालवावा, लिफ्ट हलवावी आणि ते तेल गरम असतानाच काढावे. हे धुण्याचे तेल समजावे. ते दुधाळ निघाले तर कृती पुन्हा करावी. शेवटी नवे तेल भरावे. ५० तासांनी बाटलीची परीक्षा घ्यावी. विमा असल्यास ट्रॅक्टरला हात लावण्यापूर्वी छायाचित्रे काढून विमा कंपनीला कळवावे.

ब्रेकची चाचणी

तेल बदलल्यावर लगेच ट्रॉली जोडू नये. मोकळ्या, सपाट जागी दोन्ही ब्रेकचे पेडल पट्टीने एकत्र जोडून, कमी वेगात चार-पाच वेळा ब्रेक लावून पाहावा. ट्रॅक्टर एका बाजूला ओढला जाऊ नये, आवाज येऊ नये. नंतर वेग थोडा वाढवून पुन्हा पाहावे. दोष दिसल्यास मिस्त्रीकडून दुरुस्ती करून घेतल्याखेरीज रस्त्यावर जाऊ नये. रस्त्यावर दोन्ही पेडल जोडलेलीच असावीत.

जुन्या तेलाचे काय करावे?

काढलेले तेल बांधावर, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. ते पाझरून पाण्यात उतरते आणि तेच पाणी आपली जनावरे पितात. वाळवीसाठी खांबांना किंवा जखमेसाठी जनावरांच्या अंगाला हे तेल लावण्याची प्रथाही सोडावी. वापरलेल्या तेलात आरोग्यास अपायकारक द्रव्ये असतात. काम करताना हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत. घातक कचऱ्यासंबंधीच्या २०१६ च्या नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. ते बंद डब्यात, पाणी न मिसळता साठवून अधिकृत खरेदीदाराला किंवा त्याच्याकडे तेल देणाऱ्या गॅरेजला द्यावे.

नोंद ठेवा

एका छोट्या वहीत तारीख, तासमीटरचा आकडा, तेलाची जात, किती लिटर भरले आणि काय दिसले एवढे लिहावे. पुढील बदलाचा तासांचा आकडा रंगाने चिखलरक्षकाच्या आतील बाजूस लिहून ठेवावा. आपल्या सीमाभागात पुष्कळ चालक कन्नड वाचणारे आहेत. त्यांच्यासाठी हीच सूचना कन्नडमध्येही लिहावी. तेल पाहण्याचे काम ज्याच्या हाती ट्रॅक्टर आहे त्याला समजले पाहिजे.

ज्यांना यंत्राची अधिक माहिती हवी आहे, त्यांनी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी येथे विचारणा करावी. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ पासून ट्रॅक्टर प्रशिक्षणाची केंद्रीय संस्था कार्यरत आहे. तेथेही शेतकऱ्यांना व तरुणांना यंत्राची निगा शिकवली जाते.

शेतकरी बंधूंनो, बैलाच्या खुराला नाल मारताना किंवा त्याच्या खांद्यावरचे वळ पाहताना आपण कधी आळस केला नाही. ट्रॅक्टरला बोलता येत नाही, पण पट्टीवरचे तेल त्याची तक्रार रोज सांगत असते. येत्या आठवड्यात एका सकाळी पंधरा मिनिटे काढा, लिफ्ट खाली करा आणि मागची पट्टी काढून पाहा. तेल दुधाळ दिसले, तर उसाची पहिली ट्रॉली जोडण्यापूर्वी ते बदला.